चहा निवायच्या आत

मंगलचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, स्वयंपाकघरात उभी होते. मंगल म्हणजे बायडाअक्काची सून. एरवी ती फोन उचलला की आधी "जेवलासा का?" विचारते. त्या सकाळी तिने काहीच विचारलं नाही. "बाई, अक्का गेल्या," एवढंच म्हणाली. पलीकडे शेळ्या ओरडत होत्या, ते मला ऐकू येत होतं. "कधी?" मी विचारलं. "फाटंच्या पारी. झोपीतच. काय तरास न्हाई." गुडघ्यांमुळे मला दहाव्याला माणदेशात जाता आलं नाही. घरी बसून अक्काबद्दल चार ओळी लिहाव्यात म्हणून कागद घेतला, तर पाच आठवडे तो तसाच राहिला. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे माझ्याबद्दलही एक गोष्ट सांगायची, आणि ती अक्काखेरीज मी कुणालाच सांगितलेली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

मी मूळची औंधची. वडील लवकर गेले. मॅट्रिक झाल्यावर आईने मला सांगलीला मामाकडे पाठवलं आणि मामाने ओळखीने हळदीच्या एका गोदामात हजेरी लिहायला चिकटवलं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी एकोणीस वर्षांची होते. गोदामात अडतीस बायका हळद निवडायच्या. हळकुंडं एका बाजूला, गड्डे दुसऱ्या बाजूला, किडकं-मोडकं तिसरीकडे. दिवसभर पिवळी धूळ. संध्याकाळी घरी गेले की मामी मला उंबऱ्याबाहेरच पदर झटकायला लावायची. आंघोळीचं पाणीसुद्धा पिवळं व्हायचं. पण धुळीपेक्षा वाईट होतं ते कुलूप. बायका ओटीत हळकुंडं घालून नेतात, असं मालकाला वाटायचं. म्हणून आम्ही आत गेलो की बाहेरून दार ओढून कुलूप लावायचे. किल्ली वॉचमनच्या कमरेला. अकरा वाजता चहाची किटली यायची तेव्हा पाव तास दार उघडं, आणि मग थेट संध्याकाळी. खिडक्या छताला टेकलेल्या, हातभर रुंद. तिथून आभाळाचा एक तुकडा दिसायचा. दुपारी पत्रा तापला की मला वाटायचं, आपण जमिनीखालच्या पेवात भरून ठेवलेल्या हळदीसारखे आहोत, वरून माती लिंपलेली. मी हजेरीवाली, खुर्चीवर बसणारी, पण कुलपाच्या आतच.

बायडाअक्का तेव्हा तिशीची असेल. म्हसवडकडची, मेंढपाळाच्या घरातली. दुष्काळात मेंढरं गेली, तेव्हा नवऱ्याबरोबर सांगलीला आली. तो त्याच मालकाकडे हमाली करायचा, ही हळद निवडायची. उंच, काटक, आवाज खालच्या पट्टीतला. भांडण तिला जमायचं नाही. दोघी भांडायला लागल्या की ती मध्ये जाऊन बसायची आणि निवडत राहायची, एवढंच. तरी अडतीस जणींना काही ठरवायचं असलं की सगळ्या तिच्याकडे बघायच्या. मला कारण कळायचं नाही. मग एप्रिल आला.

शेवंता नावाची एक पोर होती, सहा महिन्यांची गरोदर. एका दुपारी ती निवडता निवडता आडवी झाली. पहिल्यांदा वाटलं, झोपली. मग बाजूची किंचाळली. आम्ही दार बडवलं. हातांनी बडवलं, वजनाच्या मापांनी बडवलं... वॉचमन जेवायला गेला होता. किल्ली त्याच्या कमरेला. अर्ध्या तासाने तो पान चघळत आला, तोवर शेवंताच्या लुगड्याला रक्त लागलं होतं. सिव्हिलला नेलं. ती वाचली, मूल वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या पुन्हा आत गेलो आणि मागून कुलूप लागलं. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता.

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत बायका पहिल्यांदा बोलायला बसल्या. गोदामावर देखरेख करणारे दिवाणजी ऑफिसात चहा प्यायचे, तेवढाच वेळ मोकळा. पण सगळ्या एकदमच बोलल्या. कुणी रडलं, कुणी मालकाच्या सात पिढ्या काढल्या, कुणी आपल्या बाळंतपणाचं सांगायला लागली. पाव तास गेला. काहीच ठरलं नाही. किटलीतला चहा तसाच गार झाला. दुसऱ्या दिवशी अक्का उठून उभी राहिली. "बायांनो, चा निवायच्या आत उरकायचं. एकेकीनं बोला. काय करायचं, एवढंच सांगा." ज्या त्या चहा फुंकायला लागल्या. शेवटी पारू बोलली. पारू कवठ्याची, विधवा, धाडसाची. "कुलूप काढा म्हनावं, न्हाईतर उद्यापासनं एकबी बाय आत पाय ठेवनार न्हाई." दोघीतिघींनी माना हलवल्या. तेवढ्यात दार लागायची वेळ झाली.

संध्याकाळी हजेरीचं बुक द्यायला गेले तेव्हा दिवाणजींनी मला बसायला सांगितलं. एरवी ते कधी बसायला सांगत नसत. चहा मागवला. मामाची चौकशी केली. मग सहज विचारावं तसं म्हणाले, "सुमन, आज आत काय चाललं होतं? पुढे होऊन बोलत कोण होतं?" मी म्हटलं, "सगळ्याच बोलत होत्या." ते हसले. "सगळ्या बोलल्या तरी पहिली कुणीतरी असतेच की. तुझ्या मामांनी शब्द टाकला म्हणून तुला ठेवलंय. पोरगी विश्वासाची आहे म्हणाले होते."

मी पारूचं नाव सांगितलं.

सांगताना मी स्वतःला समजावलं की मी काही खोटं बोललेले नाही. ती बोललीच होती. मी कपातला चहा संपवला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने पारूला दाराबाहेरच थांबवलं. ती तिथे उभी राहिली, आम्ही एकेक जणी तिच्या शेजारून आत गेलो. मी हजेरीच्या बुकात तिच्या नावापुढे रेघ मारली.

त्या संध्याकाळी मी आणि अक्का एकाच रस्त्याने घरी निघालो. मला तिच्याबरोबर चालायचं नव्हतं, पण मागे राहायलाही कारण नव्हतं. ती म्हणाली, "पारूचं माज्यामुळं झालं." "तुझ्यामुळे कसं?" मी विचारलं. ती चालता चालता बोलत राहिली. तिचा बाप मेंढरांच्या कळपाचा कारभारी होता. पावसाळा सरला की पाच-सहा घरं मिळून रानोमाळ निघायची. वाट कुठली धरायची, कुणाच्या रानात बसायचं, हे रोजच ठरवावं लागायचं, आणि बोलायला वेळ एवढाच, मेंढरं पाण्यावर वाकतात तेवढा. एकदा त्यांनी माना वर केल्या की माणसं पांगलीच. "आमचा बा म्हनायचा, काय ईचारायचं ते सगळ्यास्नी कळतं. कसं ईचारायचं ते आदी ठरवावं लागतं. वाटंचं ईचारायचं असलं तर काल त्या वाटंनं जो गेला त्यालाच ईचारायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. निघायचं का ऱ्हायाचं, हे ईचारायचं असलं तर आदी वल्या बाळंतिनीला ईचारायचं. कारन गडी आदी बोलला की ती बोलतच न्हाई. आन भ्याची गोष्ट असली..." ती थांबली. "भ्याची गोष्ट चारचौघांत ईचारायचीच न्हाई. जो आदी त्वांड उघडतो त्यो मरतो. मला ह्ये ठावं हुतं, सुमन. तरी मी उभी ऱ्हाऊन ईचारलं. येळ थोडा हाय म्हनून घाई केली."

मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. कृष्णेच्या बाजूने वारा येत होता, रस्त्यावर आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "अक्का, उशीर होतोय, मामी रागावेल." आणि पुढे निघून गेले.

चार दिवस अक्काने बैठकीचं नावसुद्धा काढलं नाही. पाचव्या दिवशी सकाळपासून एकेका जोडीच्या कानात काहीतरी फिरत गेलं. निवडताना बायका जोडीने बसायच्या, त्यामुळे कुणाचं कुणाशी बोलणं वेगळं दिसायचं नाही. चहाच्या सुट्टीत अक्का एक सूप घेऊन उठली. त्यावर तिने आपला पदर पांघरला होता. एकेकीपुढे ती वाकली आणि त्या पदराखाली प्रत्येकीने हात घातला. प्रश्न एकच होता, कुलपासाठी काही करायचं का? करायचं असलं तर साबूत हळकुंड, नको असलं तर मोडकं. कुणी बोललं नाही. किटलीतून वाफ येत होती तोवर ती सगळ्यांपर्यंत जाऊन आली. मग माझ्या खुर्चीपुढे येऊन उभी राहिली. "तू बी टाक. तू बी आतच अस्तीस."

मी पदराखाली हात घातला. मी मोडकं टाकलं.

सूप उघडलं तेव्हा पस्तीस साबूत होती आणि दोन मोडकी. बायका ते सूप बघत राहिल्या. मला वाटतं, आपल्याशेजारची पण आपल्यासारखीच आहे, हे त्यांना त्या सुपात पहिल्यांदा दिसलं. अक्काने दोन मोडकी वेगळी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "ह्या दोघी भित्यात. त्यास्नी झेपंल असंच काय ते करायचं." दुसऱ्या दिवशी चहाला तिने वेगळी तऱ्हा केली. या खेपेला सगळ्यांना विचारलंच नाही. ज्यांच्या घरी कमावणारं दुसरं कुणी नाही अशा चौघींना तिने मधे बसवलं आणि म्हणाली, "काम बंद करन्याचं बोलू नका. तुमच्या चुली बंद पडतील असं काय बी नगं. मग काय करता यील, त्ये सांगा." बाकीच्या ऐकत होत्या. त्या चौघींपैकी एकीने सांगितलं ते इतकं साधं होतं की आधी कुणी हसलंही नाही. ती म्हणाली, "आपुन दारातच बसून निवडूया की."

आणि तसंच झालं. तिसऱ्या दिवशी चहा झाला, दिवाणजींनी लोखंडाची पट्टी वाजवली, आणि पारू आणि शेवंता सोडून उरलेल्या छत्तीस जणींनी आपापली सुपं आणि ढीग ओढत दाराकडे नेले. उंबऱ्यावर, उंबऱ्याच्या आत, उंबऱ्याच्या बाहेर, जागा मिळेल तिथे बसल्या आणि निवडायला लागल्या. कुणी घोषणा दिली नाही. हात नेहमीपेक्षा जलद चालत होते. दार लावायचं तर अगोदर बायका उचलायला हव्यात. वॉचमन किल्ली हातात घेऊन उभा राहिला. दिवाणजी आले, ओरडले, गेले. दुपारी मालक स्वतः आले.

"कुणाचं डोकं हे?" मालकांनी विचारलं. सुपांचा आवाज चालू राहिला. "म्होरकी कोण तुमची?" एक म्हातारी निवडता निवडता म्हणाली, "आवं मालक, आत उकडतंय. हितं वारं हाय." मग मालक माझ्याकडे वळले. मी दाराच्या आत, खुर्चीवर एकटीच बसले होते. "तू सांग. तू बघतेस ना सगळं? पहिल्यांदा कोण बोललं?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे सांगायला काहीच नाही. पहिल्यांदा कुणीच बोललं नव्हतं. पदराखाली कुणाच्या मुठीत काय होतं, मला ठाऊक नव्हतं. दाराची कल्पना कुणी दिली ते मला माहीत होतं, पण ती नुसती विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत होती. आणि सूप फिरवणारी... एक क्षण मी अक्काकडे बघितलं. तिने मान वर केली नाही. "कुणीच नाही," मी म्हटलं. तसं बघितलं तर खरंच होतं ते. पण धैर्य म्हणून मी ते बोलले नव्हते, हेही इथे लिहिलं पाहिजे.

तीन दिवस बायका दारात बसल्या. माल वेळेवर निघत होता, हंगाम ऐन भरात होता, त्यामुळे मालकाला काही करता येईना. चौथ्या दिवशी कुलूप गेलं. दार नुसतं लोटलेलं. शेवंता त्या आठवड्यात कामावर परत आली, आणि दाराजवळची जागा सगळ्यांनी तिच्यासाठी ठेवली. पण मालकही मालकच होते. कुलूप काढलं आणि झडती सुरू केली. संध्याकाळी बाहेर पडताना प्रत्येक बाईची ओटी, कनवट, पिशवी तपासायची. पुरुषाने बाईला हात लावणं बरं दिसत नाही, म्हणून ते काम माझ्यावर आलं.

पहिल्या संध्याकाळी बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि माझे हात उठेनात. दिवाणजी मागे उभे होते. ज्या बायकांनी मला कधी भाकरीचा तुकडा मोडून दिला होता, त्यांच्या लुगड्याच्या ओच्यात मी हात घालायचा होता. रांग हलेना. तेव्हा मागून अक्का पुढे आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. "कर, बाय," ती म्हणाली. "तुजं काम हाय त्ये." मी तिची ओटी चाचपली. तिथे फक्त तंबाखूची पुडी होती.

त्याच संध्याकाळी मी तिच्या मागे पळत गेले आणि रस्त्यातच तिला सगळं सांगितलं. पारूचं नाव मी सांगितलं, मोडकं हळकुंड मी टाकलं. बोलता बोलता मला हुंदका आला. ती माझं ऐकून घेत उभी राहिली.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"पारू दाराभायेर हुबी हुती तवा तू बुकात बघत हुतीस. वर बघितलं न्हाईस."

"मग मला सांगितलं का नाहीस? मला बैठकीतून उठवलं का नाहीस?"

"तुला उठवली अस्ती तर दिवानजीनं दुसरी बगितली अस्ती. ती कोन, ह्ये आमाला कवा कळलं असतं? त्यापरीस तूच बरी." मग म्हणाली, "तुला ईचारत्यात, ह्ये मी धरूनच चालले. म्हनून तुला सांगाय काय गावनारच न्हाई, असं करायला पायजे हुतं. तू खोटं बोलावंस, असं माजं म्हननं नव्हतं. लहान हाईस तू."

मी डोळे पुसले. "आणि दुसरं मोडकं? ते कुणाचं होतं, कळलं का तुला?"

"माजं."

मला आधी समजलंच नाही. ती म्हणाली, "माजं लेकरू अंगावर पितं हुतं. मालकानं आमा दोघास्नी बी काढलं अस्तं तर गावाकडं जायाला मेंढरं बी न्हाईत. लय भ्या वाटलं. खरं ईचारलं, मग खरंच टाकाय नगं?" आणि ती हसली. पदर सुपावर धरून एकेकीपुढे वाकणारी ती बाई स्वतः 'नको' म्हणाली होती, आणि बाकीच्यांनी 'करायचं' म्हटल्यावर पहिलं सूप तिनेच उंबऱ्यावर ठेवलं होतं.

झडती पुढे सात महिने चालली आणि ती मीच केली. नोकरी सोडावी असं रोज वाटायचं. मामाकडे राहून ते शक्य नव्हतं. शेवटी साताऱ्याचं स्थळ आलं आणि मी सुटले. सुटले म्हणते खरी... लग्नात आहेराच्या रांगेतून बायका पुढे येत होत्या आणि माझे हात आपोआप त्यांच्या ओटीकडे जायला बघत होते. अक्का लग्नाला आली नाही, पण पुढे दर दिवाळीला तिचं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र यायचं. पैसे साठवून नवऱ्याने चार शेळ्या घेतल्या आणि ती दोघं गावी परतली. मुलगा मोठा झाला, मंगल घरात आली. मी दोन-तीनदा तिथे जाऊन आले. पारूबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

गेल्या आठवड्यात गुडघ्यांना पट्टे बांधून मी एसटीने अक्काच्या गावी गेले. मंगलने मला अक्काच्या खोलीत बसवलं. एक बाज, एक ट्रंक, भिंतीशी चार पोती अंथरलेली. त्या गावात नळाला चार दिवसांतून एकदा पाणी येतं, आणि ते येण्याची वेळ नक्की नसते. त्या दिवशी दहा-बारा बायका रिकाम्या घागरी घेऊन या खोलीत येऊन बसतात, हे मला मंगलने तेव्हाच सांगितलं. गेली किती तरी वर्षं. पाणी येईपर्यंत काय ते बोलायचं आणि नळ वाजला की उठायचं. अक्का गेल्यावरही त्या येतच आहेत; मी गेले तोही पाण्याचाच दिवस होता, आणि त्या आल्या. मंगल त्यांना म्हणाली, "आज ह्या बाई आल्यात सांगलीच्या येळच्या. एकेकीनं अक्कांचं काय ते सांगा. ज्येला ठावं हाय त्यानं सांगा, न्हाई त्यानं ऐका."

एकेक जण बोलली. एकीच्या नवऱ्याला अक्काने एकटंच बाहेर नेऊन काय विचारलं होतं ते. एकीला पंचायतीत कुणाच्या नंतर बोलायचं ते कसं सांगितलं होतं ते. मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी शेवटची होते. इतक्या वर्षांनी अनोळखी बायकांपुढे मी पारूचं नाव घेतलं, आणि ते मी कुणाला सांगितलं होतं तेही. सगळं सांगितलं. एकीने पोतं नीट केलं.

मग दाराशी बसलेली, कडेवर पोर घेतलेली एक नवी सून होती, तिने विचारलं, "मग त्या पारूबाईंचं फुडं काय झालं वो?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"ईचारलं न्हाई तुमी? कंदीच?"

बाहेर नळ फुसफुसला आणि बायका घागरी उचलून एकदम उठल्या. खोली रिकामी झाली. मी बाजेला टेकून बसून राहिले. ती नवी सूनही गेली होती, पण तिचं घर नळापासून वरच्या अंगाला होतं. घागर भरली की ती याच दारावरून जाणार होती, आणि कधीच विचारलं नाही, हे मला तिला सांगायचं होतं.